नंदनारचे चामडे आणि इलयराजांची सिंफनी

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात गेल्या महिन्यात भांडण झाले. विषय होता जातिअंत आणि कला. चहाच्या सुट्टीत एका पोराने मोबाइल स्पीकरला जोडला आणि इलयराजांचे 'तिरुवासगम' लावले. 2005 सालचा अल्बम. बुडापेस्ट सिंफनी ऑर्केस्ट्राची व्हायोलिने, मागे कोरस, आणि त्यावर इलयराजांचा तो किंचित घोगरा, थकलेला, प्रार्थना करणारा आवाज. दोन मिनिटांत खोली शांत झाली. मग दुसरा पोरगा उठला आणि त्याने वायर काढली. म्हणाला, "बाबासाहेबांची तुलना मोदींशी करणाऱ्याचे गाणे या खोलीत वाजणार नाही. आणि वरून हे शिवाचे भजन. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं आहोत." पहिला म्हणाला, "संगीताला जात नसते." त्यावर जो गोंधळ झाला तो तासभर चालला आणि जातिअंताचे टिपण तसेच राहिले.

आमच्या मते त्या दिवशी दोघेही चुकले. वायर काढणारा थोडा कमी चुकला, पण चुकला. आणि "संगीताला जात नसते" असे म्हणणारा तर फारच चुकला, कारण ज्या माणसाचे गाणे लावून तो हे बोलत होता, त्याच माणसाचे आयुष्य या वाक्याविरुद्ध साक्ष देते. म्हणून हे सविस्तर लिहावे लागते आहे.

आधी अल्बमबद्दल. नावात सिंफनी असली तरी रचना ऑरेटोरिओच्या जवळची आहे. म्हणजे वाद्यवृंद, एकल गायन आणि समूहगान यांतून धार्मिक आशय उलगडत नेणारा पाश्चात्त्य प्रकार. तिरुवासगम हा तमिळ शैव परंपरेतला ग्रंथ, कवी माणिक्कवासगर, काळ साधारण नववे शतक. शैवांच्या बारा तिरुमुरैंपैकी आठवी तिरुमुरै. जी. यू. पोप या मिशनऱ्याने 1900 साली त्याचे इंग्रजी भाषांतर छापले, तेव्हापासून जगाला त्याची ओळख आहे. इलयराजांनी त्यातले सहा भाग निवडले. काही ठिकाणी स्टीफन श्वार्ट्झ या अमेरिकी गीतकाराच्या इंग्रजी ओळी तमिळ पदांमध्ये गुंफल्या. आणि हे सारे घडवून आणण्यात पुढाकार होता तो तमिळ मैयम या संस्थेचा, जिच्या मागे एक कॅथलिक धर्मगुरू होते. शैव पदे, हंगेरीचा वाद्यवृंद, ख्रिस्ती पाद्री, आणि पन्नैपुरम गावच्या परैयर घरात जन्मलेला संगीतकार. असा मेळ आपल्या देशात रोज जमत नाही.

संगीत म्हणून ते मोठे काम आहे. हे आम्ही हातचे राखून सांगत नाही. दुसरा भाग वीसेक मिनिटांचा आहे. त्यात जीव गवत झाला, झुडूप झाला, किडा झाला, झाड, पशू, पक्षी झाला आणि जन्म घेऊन घेऊन दमला, असा आशय येतो. तो दमलेपणा वाद्यवृंदात ऐकू येतो. ज्याला तमिळचे एक अक्षर कळत नाही त्याच्याही छातीवर काहीतरी येऊन बसते. आम्हाला तमिळ येत नाही. आम्ही भाषांतर समोर ठेवून ऐकले, तीनदा. तिसऱ्या वेळी लक्षात आले की आपण जे ऐकतो आहोत त्याच्या आत एक दुसरी गोष्ट चालली आहे.

त्याच भागात कवी स्वतःला कुत्र्याहूनही हीन म्हणवतो. भक्तिकाव्यात हे नवे नाही. परंपरा सांगते की माणिक्कवासगर ब्राह्मण होते, मदुरैच्या पांड्य राजाचे मंत्री होते, राजाने घोडे विकत घ्यायला दिलेला पैसा त्यांनी देवळावर घातला. म्हणजे सत्तेच्या अगदी वरच्या पायरीवरचा माणूस. तो देवापुढे स्वतःला कुत्रा म्हणतो तेव्हा ती नम्रता असते, कारण सभेत त्याला कोणी कुत्रा म्हणत नाही. तो खाली उतरतो, कारण उतरायला त्याच्याकडे पायऱ्या आहेत. आता हेच शब्द परैयर घरात जन्मलेल्या माणसाच्या तोंडी ठेवा. त्याच्या बापजाद्यांना गावाने हजार वर्षे हेच सांगितले. त्याने ते गाण्यात पुन्हा सांगितले तर त्याला नम्रता म्हणायचे की धडा पाठ झाला म्हणायचे?

आपल्या चोखोबाचे अभंग आठवा. उष्ट्याची, हीन जातीची भाषा त्यातही आहे. पण तिथे ती खरी हकीकत आहे, आणि तिच्या पोटात सवालही आहे. तुकोबांनी स्वतःला हीन म्हणणे आणि चोखोबांनी म्हणणे यांत जो फरक आहे तो काव्यशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. तो गावगाड्यात सापडतो. शब्द तेच, पण उच्चारणारा कुठे उभा आहे यावर अर्थ ठरतो. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही हे फार अवघड भाषेत शिकलो. आमच्या आजीला ते न शिकता ठाऊक होते. ती म्हणायची, पाटलाने चिंध्या घातल्या तर साधेपणा, आपण घातल्या तर दरिद्रीपणा.

"पुरातन अध्यात्म" असा शिक्का ज्या ज्या अल्बमवर बसतो तिथे हा प्रश्न विचारायला हवा. कोणाचे पुरातन? तमिळ भूमीचे पुरातन म्हणजे फक्त शैव-वैष्णव स्तोत्रे, हे कोणी ठरवले? त्याच भूमीत 'मणिमेखलै' हे बौद्ध महाकाव्य लिहिले गेले. त्याची नायिका भिक्खुणी होते, कधीही न आटणाऱ्या पात्रातून भुकेल्यांना जेवू घालते, तुरुंगाचे रूपांतर दानशाळेत करून घेते. हे काव्य 1898 मध्ये उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी छापेपर्यंत जवळपास विस्मरणात गेले होते. 'कुंडलकेशी' हे दुसरे बौद्ध काव्य तर हरवलेच, तुकडे तेवढे उरले. नागपट्टणमला चोळांच्या काळात श्रीविजयच्या राजाने विहार बांधला होता, तिथून बुद्धाच्या शेकडो कांस्यमूर्ती निघाल्या. हे सगळे पुरातनच आहे. पण त्यावर कोणी बुडापेस्टचा वाद्यवृंद बोलावलेला नाही.

आणि तिरुवासगमचे या बौद्ध पुरातनाशी नाते काय? शत्रुत्वाचे. माणिक्कवासगरांच्या चरित्रकथेत ते चिदंबरमला लंकेहून आलेल्या बौद्धांशी वाद घालतात, बौद्धांची वाचा जाते, आणि राजाच्या जन्ममुक्या मुलीला वाचा फुटून तीच बौद्धांना उत्तरे देते. ग्रंथातला 'तिरुच्चाळल' हा भाग म्हणजे त्या मुलीची उत्तरे, असे परंपरा मानते. या कथेकडे जरा थांबून पाहा. वादात हरवले असे कथा म्हणत नाही. मुके केले म्हणते. एका मुलीला वाचा मिळते ती दुसऱ्यांची वाचा घेऊन. इतिहासात तमिळ बौद्धांचे नेमके काय झाले यावर विद्वान वाद घालोत, पण विजेत्यांनी स्वतःच जपलेली आठवण अशी आहे.

हा भाग इलयराजांच्या सहा तुकड्यांत नाही. पण सहावा भाग ज्या पदांवर आहे त्यांत कवी म्हणतो की वारुळातल्या सापाचीही मला भीती वाटत नाही. मग भीती कशाची? जे दुसरा देव आहे असे मानतात, ज्यांच्या मनात आमच्या स्वामीविषयी प्रेम नाही, अशा माणसांची. आमच्या अभ्यासवर्गातल्या सगळ्या पोरांना तो भाग ऐकताना अंगावर काटा आला होता. चाल आहेच तशी. पण बाबांनो, ज्यांच्यामुळे कवीचा थरकाप होतो ती माणसे म्हणजे तुम्हीच आहात, हे कोणी सांगितले नव्हते.

म्हणजे ऐकू नये का? तसे आमचे म्हणणे नाही. त्याकडे येतोच. आधी माणसाबद्दल बोलू, कारण वायर काढली गेली ती माणसामुळे.

इलयराजांचा जन्म 1943 चा. थोरले भाऊ पावलर वरदराजन कम्युनिस्ट पक्षासाठी गाणी करत गावोगाव फिरायचे. 1958 च्या केरळमधल्या देवीकुळम पोटनिवडणुकीत त्यांच्या गाण्यांनी प्रचार गाजवला होता. धाकटा भाऊ त्यांच्यामागे हार्मोनियम घेऊन हिंडला. म्हणजे सुरुवात जलशातूनच झाली, आपल्याकडे भीमराव कर्डकांच्या जलशातून कित्येकांची झाली तशीच. नंतर मद्रासला येऊन धनराज मास्टरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकले, 1976 मध्ये 'अन्नक्किळी' आला आणि तमिळ सिनेमात खेड्याचा सूर शिरला. हजारावर चित्रपट. 2010 मध्ये पद्मभूषण, 2018 मध्ये पद्मविभूषण. पांढरी वस्त्रे, कपाळावर भस्म, रमण महर्षींची भक्ती. स्वतःला दलित कलावंत म्हणवून घेणे त्यांना कधी रुचले नाही.

2022 च्या एप्रिलमध्ये 'आंबेडकर अँड मोदी' या पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. दोघांनीही गरिबी आणि दडपणूक पाहिली, दोघेही कृतीवर विश्वास ठेवणारे, असे साम्य काढले. जुलैमध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली. या दोन घटनांचा संबंध जोडायचा की नाही हे वाचकांनी ठरवावे. आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की ती तुलना चूक होती आणि ती चूक माफ करण्याजोगी लहान नव्हती. ज्याने मनुस्मृती जाळली, धर्म सोडला, हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडले, त्याची बरोबरी ज्या राजकारणाशी केली ते राजकारण नेमके उलट दिशेला चालते. त्या वेळी आम्ही जाहीर निषेध केला होता. आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही.

पण मग 15 डिसेंबर 2024 उजाडला.

विरुधुनगर जिल्ह्यातले श्रीविल्लिपुत्तूर. आंडाळचे देऊळ. मार्गळी महिन्याच्या तोंडावर तिथे 'दिव्य पाशुरम' हा इलयराजांच्याच संगीतावरचा कार्यक्रम. जीयर, म्हणजे वैष्णव मठाचे स्वामी, यांच्यासोबत इलयराजा दर्शनाला गेले. अर्थमंडपाच्या उंबऱ्याशी त्यांना थांबवले, बाहेर यायला सांगितले. ते मागे झाले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले, आणि तिथेच त्यांना देवळाचा मान म्हणून हार घातला गेला. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. ऐंशी पार केलेला माणूस, संसदेचा सदस्य, ज्याची गाणी त्या प्रांगणात वाजणार आहेत तो, एक पाऊल मागे घेतो आहे.

धर्मादाय खात्याचा खुलासा लगेच आला. अर्थमंडपात पुजारी आणि जीयर यांच्याखेरीज कोणालाच प्रवेश नाही, हा जुना नियम आहे, जातीचा संबंध नाही, इलयराजांनाही ते मान्य होते. दुसऱ्या दिवशी इलयराजांनीही लिहिले की माझ्याबद्दल खोट्या अफवा पसरवल्या जात आहेत, मी स्वाभिमान सोडणारा नाही, न घडलेले घडल्यासारखे सांगू नका.

आपल्या बाजूच्या अनेकांनी तेव्हा दोन गोष्टी केल्या. काहींनी टाळ्या पिटल्या. घ्या, मोदींची स्तुती करणाऱ्याला त्याची जागा दाखवली. आमच्या व्हॉट्सअॅप गटातही असले मीम आले. हे वाचून आम्हाला लाज वाटली. एका माणसाचा जन्मावरून अपमान होत असताना जो हसतो तो आंबेडकरवादी नाही, त्याच्या प्रोफाइलवर कितीही निळे असो. बाबासाहेबांनी कोणाच्या मतांची चौकशी करून त्याच्या माणूसपणाची बाजू घेतली नव्हती. दुसऱ्या काहींनी इलयराजांना सुनावले की त्यांनी नाकारले म्हणजे ते गुलाम. हेही आम्हाला पटत नाही. अपमान झालेला माणूस तो नाकारतो, यात नवल काय? आपल्यातल्या किती जणांनी भाड्याची खोली नाकारली गेल्यावर घरी येऊन सांगितले आहे की खोलीच चांगली नव्हती? आम्ही सांगितले आहे. एकदा नव्हे. घरमालकाने आडनाव विचारले, मग म्हणाला की भाचा येणार आहे राहायला. आम्ही घरी येऊन म्हणालो, तिथे पाण्याचा त्रास आहे.

आता त्या खुलाशाकडे येऊ, कारण ब्राह्मणवादाची खरी हुशारी तिथे आहे. "कोणालाच प्रवेश नाही." ऐकायला समान नियम. पण "पुजारी आणि जीयर यांच्याखेरीज" हे अर्धे वाक्य हळू आवाजात म्हटले जाते. पुजारी कोण होऊ शकतो? तमिळनाडूत द्रमुक सरकारने 1970 मध्ये वंशपरंपरागत पुजारीपण रद्द करणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये वारसाहक्क रद्द करणे मान्य केले, पण आगमांचा प्रश्न लटकता ठेवला. 2021 मध्ये स्टॅलिन सरकारने प्रशिक्षण घेतलेल्या वेगवेगळ्या जातींच्या अर्चकांना नेमले, त्यांत अनुसूचित जातींचेही होते, आणि लगेच कोर्टकज्जे सुरू झाले. म्हणजे नियम सर्वांना सारखा, फक्त त्या नियमातून सूट मिळवण्याची पात्रता जन्माने ठरते. याला बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणत. त्यात सगळ्यांना कुठे ना कुठे थांबवले जाते, म्हणून प्रत्येकाला वाटते की नियम सारखाच आहे. ब्राह्मणेतर जमीनदार अर्थमंडपाशी थांबतो, आणि आपल्या मागे कोणाला देवळाच्या दारातच थांबवले होते हे त्याला दिसत नाही.

आणि गंमत म्हणजे तिरुवासगम हा ग्रंथसुद्धा उंबऱ्याबाहेरच होता! आख्यायिका अशी की खुद्द शिवाने ही पदे लिहून घेतली आणि चिदंबरमच्या सभेच्या पायरीवर ठेवून दिली. त्याच चिदंबरमला दीक्षितांच्या ताब्यातल्या देवळात, नटराजासमोरच्या मंचावर उभे राहून तमिळ तिरुमुरै गायला बंदी. आरुमुगसामी नावाचे एक वृद्ध शिवभक्त त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले, त्यांना मारहाण झाली, खटले चालले. 2008 च्या मार्चमध्ये सरकारी आदेश निघाल्यावर पोलीस बंदोबस्तात ते तिथे गायले. म्हणजे इलयराजांचा अल्बम लंडन-न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांत पोचून तीन वर्षे झाली होती, आणि ती पदे ज्या देवासाठी रचली त्याच्यासमोर गायला मात्र पोलीस लागले. हे कळल्यावर "पुरातन अध्यात्म जगभर पोचले" असल्या वाक्यांचे काय करायचे? जगभर पोचणे सोपे आहे. चिदंबरमच्या त्या चार पायऱ्या चढणे अवघड.

त्याच चिदंबरमचा नंदनार. बाबासाहेबांनी 1948 मध्ये 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला : नंदनार, रविदास आणि चोखामेळा. चोखोबा आपल्याला माहीत, रविदास माहीत. नंदनार कोण हे आमच्या वर्गातल्या पंचवीस जणांत एकालाही सांगता आले नाही. बाराव्या शतकातल्या 'पेरियपुराणम'मध्ये त्याची कथा आहे. तो पुलैयर, म्हणजे अस्पृश्य. त्याची सेवा काय, तर देवळांच्या नगाऱ्यांसाठी चामडे पुरवणे, वाद्या पुरवणे, वीणा आणि याळ या वाद्यांसाठी तात पुरवणे. त्याच्या हातचे चामडे गाभाऱ्यापाशी वाजत होते आणि तो वेशीबाहेर. शेवटी चिदंबरमला जायची त्याची तळमळ देवाला कळते, देव दीक्षितांच्या स्वप्नात येतो, आणि काय सांगतो? त्याला आत घ्या? नाही. त्याच्यासाठी अग्नी पेटवा. नंदनार अग्नीत शिरतो, जानवे घातलेला मुनी होऊन बाहेर येतो आणि मग आत जातो, तो कायमचाच.

आठशे वर्षांपूर्वीची कथा. त्यात संगीताचे समाजशास्त्र पूर्ण आहे. वस्तू आत जाते, वस्तू करणारा बाहेर. 2020 मध्ये टी. एम. कृष्णा यांनी मृदंग घडवणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिले, तेव्हा चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशनासाठी दिलेली जागा ऐनवेळी काढून घेतली. मृदंग चालतो. त्यावर गाईचे चामडे कोणी चढवले हे बोललेले चालत नाही. आणि श्रीविल्लिपुत्तूरला काय वेगळे झाले? चामड्याऐवजी सिंफनी आहे, एवढेच. सूर प्रांगणात, सुरांचा धनी उंबऱ्याबाहेर, हातात मानाचा हार.

इथे आपल्यातल्या सुशिक्षितांनी कान द्यावा, कारण हा मुद्दा इलयराजांचा कमी आणि आपला जास्त आहे. इलयराजांचा मार्ग काय होता? उत्कृष्टतेने आत जाण्याचा. इतके मोठे व्हा, इतके शुद्ध व्हा, त्यांच्या देवाची स्तुती त्यांच्याहून सुंदर करा, की जात विरघळून जाईल. श्रीनिवासांनी याला संस्कृतीकरण म्हटले आणि जणू ती एक शिडी आहे असे वर्णन केले. शिडी आहेच. तिच्या वरच्या टोकाला दार नाही, हे मात्र त्या वर्णनात नाही. नंदनारला अग्नी लागला. इलयराजांनी आयुष्यभर स्वतःच पेटवलेल्या अग्नीत उभे राहून पाहिले. बाबासाहेबांनी 'जातिसंहार'च्या वादात गांधीजींना उत्तर देताना नेमके हेच सांगितले होते की संतांनी देवापुढे सगळे समान असे सांगितले, पण माणसापुढे माणूस समान असे म्हणत जातीवर घाव घातला नाही. 1930 मध्ये काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह केलेल्या माणसाने 1933 मध्ये मंदिरप्रवेशाच्या बिलाला पाठिंबा द्यायला नकार दिला आणि विचारले की हा शेवटचा टप्पा आहे की पहिला? 1935 मध्ये येवल्याला त्याचे उत्तर दिले.

"आमच्याकडे असे नाही" असे म्हणायची घाई करू नका. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर टपरीटपरीवर प्रल्हाद शिंदेंचा आवाज वाजतो. त्या आवाजावाचून अर्ध्या महाराष्ट्राची वारी सुरू होत नाही. त्याच गळ्याने भीमगीतेही गायली. वारीतल्या किती जणांना दुसरी गोष्ट ठाऊक आहे? आणि पंढरपूरला चोखोबा अजून पायरीपाशीच आहे. मंदिर उघडायला 1947 उजाडले, साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

आता अल्बम ऐकायचा की नाही. आमचे उत्तर : ऐका. पण भाषांतर समोर ठेवून, नंदनार माहीत करून घेऊन. वायर काढणाऱ्या मित्राला आम्ही हेच सांगितले की बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती वाचून जाळली. पुस्तकांनी भरलेले राजगृह बांधणारा माणूस तुम्हाला ऐकायची भीती शिकवत नाही. प्रतिज्ञा पूजेविरुद्ध आहे, कानांविरुद्ध नाही. आणि इलयराजांना त्यांनी जे केले त्याबद्दल धारेवर धरायचे, जे त्यांच्यावर झाले त्याबद्दल त्यांच्या बाजूने उभे राहायचे. हे दोन्ही एका वेळी करता येत नसेल तर आपल्याला राजकारण कळत नाही, फक्त बाजू कळते.

पण एक गोष्ट आम्हाला जास्त बोचते. त्या दिवशी खोली शांत झाली होती. पंचवीस आंबेडकरी पोरे, ज्यांना चौदा एप्रिलच्या डीजेच्या भिंतीसमोर चार तास नाचता येते, ती दोन मिनिटे स्तब्ध बसली. ही भूक खरी आहे. आत वळून पाहण्याची, लांब श्वास घेण्याची, दुःखाशेजारी बसण्याची भूक. आणि ती भागवायला आमच्याकडे त्या क्षणी शैव भजन होते. बुद्धाच्या लेकरांकडे! ध्यान ज्यांनी जगाला शिकवले त्यांच्याकडे ध्यानाचे संगीत नाही, म्हणून पोरे माणिक्कवासगरांकडे जातात, त्यांचे काय चुकले?

वामनदादांनी हजारो गाणी लिहिली, त्यांतली कित्येक अंतर्मुख आहेत, पण आपण जयंतीला चार तीच ती वाजवतो. विठ्ठल उमपांचा आवाज कोणत्याही वाद्यवृंदासमोर उभा राहिला असता. ते 2010 मध्ये दीक्षाभूमीवर, मंचावरच गेले. त्या आवाजासाठी कोणी मोठी रचना लिहिली का? थेरीगाथेत पुण्णिका आहे, पाणी भरणारी दासी. थंडीत नदीत बुडी मारून पाप धुणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्याने शुद्धी होत असेल तर मासे-बेडूक-कासवे सगळी स्वर्गात जाणार का? थेरगाथेत सुनीत आहे, उकिरडा झाडणारा, ज्याच्यासमोर बुद्ध थांबला. सुनीताला अग्नीतून जावे लागले नाही, कोणी त्याच्या गळ्यात जानवे घातले नाही. बुद्ध म्हणाला ये, आणि तो गेला. नंदनारच्या कथेशेजारी ही कथा ठेवा आणि सांगा कोणती सिंफनीला योग्य आहे.

अयोतिदास पंडितरांनी 1898 मध्ये ऑलकॉटसोबत लंकेला जाऊन बौद्ध धम्माची वाट धरली आणि मद्रासला शाक्य बौद्ध सभा काढली. परैयर मूळचे बौद्ध, असे ते सांगत होते, बाबासाहेबांच्या 1948 च्या ग्रंथाच्या कितीतरी आधी. म्हणजे इलयराजांच्या स्वतःच्या पूर्वजांच्या दारातच ही दुसरी पुरातन वाट होती. मार्च 2025 मध्ये लंडनला रॉयल फिलहार्मोनिकने त्यांची 'व्हॅलियंट' ही सिंफनी वाजवली. ती वाजवली जात असताना सभागृहाच्या कुठल्याही दाराशी त्यांना कोणी थांबवले नाही. त्या हातून मणिमेखलै झाली असती तर, असे मनात येते. आता ते त्यांच्याकडून होणार नाही. ऐंशी ओलांडलेल्या माणसाकडून ती अपेक्षाही नको.

आपल्या वस्त्यांत मात्र व्हायोलिन शिकणारी पोरे आहेत. आमच्याच वर्गातली एक मुलगी बँडवाल्या बापाकडून क्लॅरोनेट शिकली आहे आणि ते सांगायला लाजते. तिला आम्ही पुण्णिकेची गाथा दिली आहे, पालीतून मराठीत आणलेली, टंकलेखन करून. पुढच्या रविवारी सकाळी दहाला ती काहीतरी वाजवून दाखवणार आहे. तिरुवासगमचा दुसरा भागही त्याच दिवशी पूर्ण ऐकायचा आहे, भाषांतराच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. वायर काढणारा मित्र येणार आहे. स्पीकरही तोच आणतो आहे.